इंद्रजालचे अंक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत का?

लातूरच्या एका तरुणाने विचारलं आहे. वडील गेले. त्यांनी हौसेने जमवलेले साडेतीनशेच्या आसपास कॉमिक्स मागे राहिले. बहुतेक मराठी आणि हिंदी इंद्रजाल, म्हणजे वेताळ-मँड्रेकच्या कथांची ती जुनी मालिका, थोडे अमर चित्र कथा, आणि काकांनी पूर्वी अमेरिकेहून आणलेले अकरा अंक. घराची वाटणी व्हायची आहे, भाऊ म्हणतो ही रद्दी आहे. आईच्या नावावर बँकेत लॉकर आहे. तर सगळं तिथे दागिन्यांच्या डब्यांशेजारी ठेवून द्यावं का, आणि दहा-पंधरा वर्षं तसंच राहिलं तर चालेल का?

मी छत्रपती संभाजीनगरात गेली सव्वीस वर्षं जुना कागद दुरुस्त करण्याचं आणि जपण्याचं काम करते. सुरुवात पोथ्या आणि घराण्यांच्या दप्तरांपासून झाली; गेल्या दहा-बारा वर्षांत कॉमिक्स घेऊन येणारी माणसं वाढली. त्या अनुभवावर माझं उत्तर असं: निवडक वीस-पंचवीस अंक लॉकरमध्ये जरूर ठेवा, पण नीट बांधून, स्वतंत्र पेटीत. बाकीचे घरातच ठेवा. आणि दहा-पंधरा वर्षं न बघता राहिले तर चालेल का, याचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

तुमच्या प्रश्नात दोन भीती एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. पहिली भीती माणसांची. वाटणीच्या गडबडीत कोणीतरी गठ्ठा उचलून रद्दीवाल्याला देईल, ही भीती खरी आहे आणि तिच्यावर लॉकर हा चांगला उपाय आहे. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे तेराव्यानंतरच्या आवराआवरीत चाळीस वर्षांचा संग्रह किलोच्या भावाने गेला. दुसरी भीती कागद खराब होण्याची. तिच्यावर लॉकर हा उपाय नाही. लॉकर चोरासाठी बांधलेला असतो. आपल्या भागात कॉमिक्सचे शत्रू म्हणजे उकाडा, दमट हवा, कसर आणि वाळवी. त्यांच्याहून मोठा शत्रू त्या कागदाच्या पोटातच असतो.

हे थोडं उलगडून सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच ठरतात. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतं. तुघलकाने राजधानी इकडे आणली तेव्हा आलेल्या कारागिरांनी तिथे हातकागद सुरू केला असं परंपरेने सांगतात. अशा चिंध्या कुटून केलेल्या हातकागदावरची दोन-तीनशे वर्षांची पोथी माझ्या टेबलावर येते, तेव्हा पान वळवलं तर वळतं, तुटत नाही. आणि १९७०च्या दशकातला इंद्रजालचा अंक येतो, त्याच्या पानाचा कोपरा दुमडला की तुकडा हातात. तो कागद लाकूड दळून केलेला, वर्तमानपत्राच्या जातीचा. त्यात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं, ते उजेड आणि हवेने पिवळं पडतं. शिवाय कागद बनवताना वापरलेल्या तुरटीमुळे त्यात आम्ल राहतं आणि ते हळूहळू धागे तोडत जातं. हे काम बंद लॉकरच्या अंधारातही चालू असतं. आपल्याला फक्त त्याचा वेग कमी करता येतो.

वेग वाढवणाऱ्या गोष्टी दोन, उष्णता आणि ओलावा. तापमान दहा अंशांनी वाढलं की कागद झिजण्याचा वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो, असा आमच्या कामातला ठोकताळा आहे. मे महिन्यात लातूर-परभणीला बाहेर ४२-४३ अंश असतात, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर किती होत असेल याचा विचार करा. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत १९३९च्या ‘सुपरमॅन’चा पहिला अंक ९१ लाख डॉलरहून अधिक किमतीला लिलावात गेला. तो तीन भावांना आईच्या घराच्या माळ्यावर, खोक्यात जुन्या वर्तमानपत्रांखाली मिळाला होता. ही बातमी वाचून माझ्याकडे दोघातिघांनी विचारलं, मग आपल्या माळ्यावर ठेवायला काय हरकत? हरकत हवेची आहे. ते घर उत्तर कॅलिफोर्नियातलं, थंड हवेचं. तोच अंक जालन्यात पत्र्याखाली ऐंशी वर्षं राहिला असता तर त्याचा भुगा झाला असता.

ओलाव्याचं आपल्याकडे एक खास दुखणं आहे, ते म्हणजे कूलर. मराठवाड्यात पावसाळा सोडला तर हवा कोरडी, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण मार्च ते जून घरोघरी कूलर चालतो आणि ज्या खोलीत तो चालतो तिथली हवा पावसाळ्यासारखी दमट होते. दिवसभर दमट, रात्री कूलर बंद की पुन्हा कोरडी. कागद रोज फुगतो, रोज आकसतो. मुखपृष्ठ गुळगुळीत, आतला कागद खरबरीत. दोघं वेगवेगळ्या मापाने फुगतात म्हणून अंकाला लाट येते आणि पिन धरलेल्या जागी पान फाटायला लागतं. घरी जे अंक ठेवाल ते कूलरच्या खोलीत नकोत, एवढं तर आजच करा.

आता बँकेची लॉकरची खोली. ती कशी आहे यावर बरंच अवलंबून आहे आणि हे मला इथे बसून सांगता येणार नाही. खोली बहुधा आतल्या बाजूला, खिडकी नसलेली, जाड भिंतींची असते, म्हणून उन्हाळ्यात घराच्या माळ्यापेक्षा कितीतरी बरी. पण शाखा तळघरात असेल, भिंतीला ओल असेल, शेजारी स्वच्छतागृह असेल, तर गोष्ट वेगळी. काही शाखांत दिवसा एसी चालतो आणि संध्याकाळी बंद होतो. पावसाळ्यात अशा खोलीत लोखंडी कप्पा कधी थंड, कधी दमट असा राहतो. नांदेडचे एक गृहस्थ सहा वर्षांनी लॉकरमधून काढलेले तीसेक अंक घेऊन आले होते. कापडाच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेले, वर डांबरगोळ्या. मुखपृष्ठं एकमेकांना चिकटलेली, पिना गंजून त्यांच्याभोवती तांबडे डाग. चोर तिथे कधीच आला नव्हता. मला त्यातले नऊ अंक सुटे करता आले, बाकीच्यांचा रंग शेजारच्या अंकावरच राहिला.

म्हणून अंदाज करण्यापेक्षा मोजा. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतं. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा लक्षात ठेवणारं घ्या. शाखेत विचारून ते रिकाम्या लॉकरमध्ये किंवा दागिन्यांच्या कोपऱ्यात ठेवा, जूनच्या सुरुवातीला ठेवून सप्टेंबरअखेर बघा. आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांत राहिली तर उत्तम, साठच्या आत असेल तर चांगल्या बांधणीने निभावतं. ६५च्या वर जात असेल तर बुरशीला आमंत्रण आहे, मग दुसरी शाखा बघा. वाटणी तोंडावर असल्याने थांबणं शक्य नसेल तर अंक आत्ताच ठेवा आणि मीटरही त्यांच्यासोबत ठेवा.

दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे लॉकर. बऱ्याच बँकांतला सर्वांत लहान लॉकर साधारण साडेबारा सेंटिमीटर उंच, साडेसतरा सेंटिमीटर रुंद आणि पन्नास सेंटिमीटरच्या आत खोल असतो. अमेरिकन कॉमिक्सची रुंदी सतरा सेंटिमीटरच्या जवळ जाते. त्याला पाकीट आणि पुठ्ठा लावला की तो त्यात सपाट बसत नाही, आणि लोक मग वाकवून सरकवतात. काकांनी अमेरिकेहून प्रतवारी केलेले, कडक प्लॅस्टिकच्या चौकटीत बंद केलेले अंक आणले असतील तर ती चौकट साधारण आठ बाय तेरा इंचांची असते. तिला मध्यम किंवा मोठाच लॉकर लागेल. आईंचा लॉकर कोणत्या मापाचा आहे ते टेप लावून बघा आणि मगच पेटी घ्या.

कायद्याची बाजू कमी लोकांना माहीत असते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरचे नियम बदलले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याआधी त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितलं होतं की लॉकरच्या बाबतीत बँकांना हात झटकता येणार नाहीत. नव्या नियमानुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याचा अपहार यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. भाडं २००० रुपये असेल तर २ लाख. आत काय आहे याची नोंद बँक ठेवत नाही आणि त्याचा विमाही काढून देत नाही.

आणि भूकंप, पूर, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत झालेल्या नुकसानीची भरपाई बँकेवर नाही. हे वाक्य पुण्या-मुंबईचा माणूस वाचून पुढे जाईल. लातूरच्या माणसाने थांबायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट तुमच्या घरात कोणी ना कोणी आठवून सांगत असेल, किल्लारी तुमच्याच जिल्ह्यात आहे. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूरकडे पाण्याने काय केलं ते ताजं आहे. म्हणजे ज्या दोन आपत्ती मराठवाड्याने खरोखर पाहिल्या त्या दोन्ही भरपाईच्या बाहेर आहेत. म्हणून शाखा निवडता येत असेल तर तळघरातली किंवा नदी-नाल्याच्या सखलातली नको. लॉकरही तळाच्या रांगेतला न घेता कमरेच्या वरचा मागा. पूर-भूकंपासाठी घरसामानाचा विमा वेगळा बघावा लागतो. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत मौल्यवान वस्तूंसाठी आधी ठरवलेल्या किमतीवर जोडसंरक्षण (ॲड-ऑन कव्हर) घेता येतं. त्यात कॉमिक्स बसतील का आणि लॉकरमधले धरतील का हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो’वर विसंबू नका.

आता बांधणी. माझा जीव खरा यात आहे.

बांधायचं काम संक्रांत झाल्यावर आणि होळीच्या आत करा. त्या दिवसांत आपल्याकडे हवा कोरडी असते पण तापलेली नसते. पावसाळ्यात बांधलं तर कागदातला ओलावाही आत बंद होतो. एप्रिल-मेमध्ये कागद इतका कोरडा आणि ठिसूळ होतो की हाताळतानाच कोपरे जातात. घाईने आत्ता ठेवावे लागले तर तात्पुरते ठेवा आणि पुढच्या माघात पुन्हा काढून नीट बांधा. पोथ्यांना ऊन दाखवायची जुनी पद्धत आहे, ती कॉमिक्सला लावू नका. हातकागद आणि काळी शाई ऊन सोसतात. छापील लाल-पिवळा रंग आणि वर्तमानपत्री कागद सोसत नाहीत. सावलीत, पंख्याखाली दोन दिवस उघडे ठेवले की पुरे.

प्रत्येक अंक एकेका पाकिटात, पाठीमागे आम्लविरहित पुठ्ठा. पाकीट पॉलिएस्टरचं मिळालं तर सर्वांत चांगलं, ‘मायलार’ नावाने लोक ओळखतात ते. महाग वाटलं तर निवडक अंकांना ते आणि बाकीच्यांना पॉलिप्रॉपिलीनचं. दुसऱ्या प्रकारचं दर पाच-सात वर्षांनी बदला. पीव्हीसी अजिबात नको. वह्यांच्या कव्हरचा तो उग्र वास येणारा, चिकट होत जाणारा प्लॅस्टिकचा प्रकार. त्यातून निघणारे पदार्थ छपाईचा रंग ओढून घेतात. पुठ्ठा साड्यांच्या खोक्याचा किंवा लग्नपत्रिकेचा वापरू नका, त्यातलं आम्ल अंकात उतरतं. लॅमिनेशन करू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. जुन्या सेलोटेपचा डिंक पिवळा होऊन कागदाच्या आरपार जातो आणि तो काढण्यात माझे दिवसचे दिवस जातात. गंजलेली पिन स्वतः उपसू नका, तिच्याभोवतीचा कागद तिच्यासोबत येतो.

मग हे अंक झाकण घट्ट बसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात, आडवे. पाठीची बाजू पिनेमुळे जाड असते, म्हणून पाच अंक एका दिशेने, पुढचे पाच उलट्या दिशेने, असे रचा. नाहीतर गठ्ठा एका बाजूला फुगतो. डब्यात सिलिका जेलची शंभर ग्रॅमची पुडी, सुती कापडात गुंडाळलेली, कागदाला न लागणारी. केशरी रंगाची घ्या, ओली झाली की हिरवी होते म्हणजे कळतं. खूप पुड्या घालायचा मोह होतो, तो टाळा. कागद फार कोरडा पडला तरी तुटतो. डांबरगोळ्या, कापूर, अत्तर, कडुलिंबाचा पाला यातलं काहीही डब्यात नको. कसर दिसत असेल तर बांधण्याआधी अंक दुहेरी पिशवीत हवाबंद करून घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच राहू द्या. लगेच उघडली तर थंड कागदावर दव धरतं.

दागिन्यांबरोबर ठेवायचं का? वेगळा लॉकर शक्य असेल तर वेगळाच घ्या. एकच असेल तर डबा वेगळा आणि बंद असू द्या. सराफ दागिना ज्या गुलाबी कागदात गुंडाळून देतात त्याचा रंग जरा ओल लागली की सुटतो. मी एका ‘वेताळ’च्या अंकाच्या पांढऱ्या समासावर तो उतरलेला पाहिला आहे आणि तो डाग गेला नाही. डब्यावर चांदीचं ताट-तांब्या ठेवलेला नसावा. शिवाय दागिन्यांचा लॉकर लग्नसराईत, दिवाळीत घाईने उघडला जातो, आणि घाईत जो हात आत जातो त्याला बाकीचं सामान अडगळ वाटतं.

लॉकरला वर्षातून किमान तीन वेळा जा. मृगाच्या आधी पुडी बदलायला, दसऱ्याच्या सुमारास मीटरचे आकडे लिहून घ्यायला आणि डबा उघडून वास घ्यायला, आणि माघात निवांत बघायला. कुबट वास आला तर तिथेच उघडून बसू नका, डबा घरी आणा. नेताना-आणताना गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात ती भट्टी होते. सकाळी लवकर जा आणि डबा हातात धरा. जाण्याचं दुसरंही कारण आहे. सात वर्षं लॉकर उघडला गेला नाही आणि धारकाचा पत्ता लागत नसेल, तर भाडं भरलेलं असूनही बँकेला लॉकर उघडून पुढची कारवाई करता येते. तीन वर्षं भाडं थकलं तरीही लॉकर फोडता येतो. तुम्ही ‘दहा-पंधरा वर्षं तसंच’ म्हणालात म्हणून हे सांगते.

आणि लॉकर आईंच्या नावावर आहे हे विसरू नका. तुमचं नाव सहधारक म्हणून लागलं पाहिजे किंवा नॉमिनी म्हणून तरी नोंदलं गेलं पाहिजे. नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरला एकामागून एक अशा चार नॉमिनींची नावं नोंदवता येतात. नॉमिनी म्हणून नाव असलं तरी वस्तूंची मालकी आपोआप तुमची होत नाही, आणि वाटणी बाकी आहे, म्हणून भावाशी आत्ताच बोला. त्याला न सांगता अंक लॉकरमध्ये नेऊन ठेवलेत तर उद्या अंकांची किंमत कळल्यावर भांडण होईल, आणि भांडणात तो गठ्ठा पुन्हा कोणाच्या तरी माळ्यावर जाईल. परभणीच्या एका घरी वडिलांनी डब्यात एक पान ठेवलं होतं: हे काय आहे, कुठून घेतलं, का जपलं, विकायचं झालं तर कोणाला विचारा. मुलीने लॉकर उघडला तेव्हा ते पान सगळ्यांत वर होतं. तो संग्रह आजही अखंड आहे.

यादी करा म्हणजे हे सोपं जाईल. अंक क्रमांक, भाषा, महिना-वर्ष, मुखपृष्ठ-मलपृष्ठाचा फोटो, पिना आणि फाटकं काय ते. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू होऊन १९९०ला बंद पडलं, म्हणून साठच्या दशकातले सुरुवातीचे अंक आणि त्यातले मराठी आधी बाजूला काढा. तेव्हाचे मराठी अंक वाचून-वाचून फाटले, सांभाळले फार थोड्यांनी. इंद्रजालमधला भारतीय नायक बहादूर १९७६ मध्ये आला, त्याच्या पहिल्या कथा बघा. अमर चित्र कथा पुन्हा पुन्हा छापली गेली, तेव्हा जुनी किंमत छापलेली पहिली आवृत्ती आहे की पुनर्मुद्रण हे तपासल्याशिवाय लॉकरची जागा तिला देऊ नका. काकांचे अकरा अंक जाणकाराला दाखवा. बाजारात किंमत असो वा नसो, वडिलांनी ज्यावर नाव घातलं असेल, तारीख टाकली असेल, असे दोन-तीन अंकही या निवडीत घ्या. मी घेतले असते.

उरलेले सव्वातीनशेच्या आसपास अंक घरी, मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या लोखंडी कपाटात, तळाचा कप्पा रिकामा सोडून. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते, कपाटाच्या पायांभोवती मातीची रेघ दिसते का ते पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. वाचायचे असतील तर स्कॅन करून पडद्यावर वाचा.

या आठवड्यात तीन कामं करा: भावाला शेजारी बसवून यादी सुरू करा, लॉकर टेपने मोजा, मीटर घ्या. वडिलांच्या अक्षरातला एखादा अंक हाताला लागलाच तर त्यावरची शाई ओल्या बोटाने पुसून बघू नका. त्या काळची पेनाची शाई पाण्याने पसरते. त्याचा फोटो काढून मला पाठवा, मग त्याला कोणतं पाकीट लावायचं ते सांगते.